एकशे तीसचा आकडा

लाकडी भुशाच्या फळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मीटरबाई म्हणत. भुसा वाळवणाऱ्या भट्टीची हवा आधी धूळ गाळणाऱ्या खोलीत जायची आणि मग धुराड्यातून बाहेर. खोलीच्या अलीकडे एक मीटर, पलीकडे धुराड्यात दुसरा. दोन्हींवर डोळा ठेवायचा, हे तिचं काम. "बसल्या जागी आकडे मोजते," म्हणून भट्टीवाले हसायचे. ती मनावर घेत नसे.

त्या दिवशी सकाळी दहाला धुराड्यातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चाळीसवरून साठावर गेला. साडेदहाला नव्वद. भट्टीकडचा मात्र चाळीसवर ढिम्म.

मॅनेजर पडद्याकडे बघून म्हणाला, "मीटर बिघडलाय. आज माल जायचाय, उगाच घोळ घालू नका."

"बिघडलाय का ते बघते, साहेब."

ती जिना चढून धुराड्यापाशी गेली. ठरलेल्या प्रमाणाच्या वायूची बाटली तिने मीटरला जोडली. बाटलीवर शंभर लिहिलेलं, मीटरनेही शंभरच दाखवले. बाटली काढली, तर धुराडं एकशे तीसवर!

गाळणखोलीच्या भिंतीला लागूनच पॅकिंगचा हॉल होता. तिथे तीस बायका होत्या, त्यांत तिची धाकटी नणंद.

ती धावत खाली आली. "मीटर ठणठणीत आहे, साहेब. आत जाताना चाळीस, बाहेर पडताना एकशे तीस. मधेच काहीतरी जळतंय. गाळणखोलीत भुसा धुमसतोय."

"धूर कुठे दिसतोय?"

"दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"आणि काहीच निघालं नाही तर?"

"तर अहवालात माझं नाव घाला," ती म्हणाली आणि तिने सगळं बंद करणारं लाल बटण दाबलं.

पंखे थांबले. हॉल रिकामा झाला. अग्निशमनवाल्यांनी दार लगेच उघडलं नाही. ताजी हवा लागली असती तर भडकाच उडाला असता. आधी आत नायट्रोजन भरून त्यांनी आगीचा श्वास कोंडला. तासभर सगळे आवारात ताटकळले. भट्टीवाल्यांची कुजबुज तिला ऐकू येत होती.

मग पाण्याचा पाइप रोखून दार उघडलं. तळातून भोपळ्याएवढा भुशाचा गोळा ओढून काढला. वरून काळा ठिक्कर, फोडला तर आत लालबुंद.

"आणखी तासभर गेला असता, तर ही भिंत राहिली नसती," पथकाचा प्रमुख म्हणाला.

मग सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या भट्टीवाल्यांनी. मॅनेजरने हेल्मेट काढलं. "चूक माझी होती," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "यापुढे मीटरबाईंनी थांब म्हटलं की थांबायचं. मला विचारायला यायचं नाही."

गर्दीतून वाट काढत नणंद आली आणि तिच्या गळ्यातच पडली. "वहिनी, कमाल केलीस! घरी मीच सांगणार हं, तू मधे बोलायचं नाहीस."

"सांग की. पण तिखटमीठ लावू नकोस."

नणंदेने मान डोलावली आणि तिथल्या तिथे बायकांना सांगायला सुरुवातही केली. गोळा आताच कपाटाएवढा झाला होता. मीटरबाई खळखळून हसली.