पहिल्या येणारीचा लेटमार्क

देगलूरच्या ऑफिसात ज्योत्स्नाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही तोच शाखेचे मॅनेजर भागवत साहेबांनी निकाल देऊन टाकला.

"मॅडम, कॉम्प्युटरला कायबी झालं न्हाई. माणसाला झालंय."

एवढं ऐकायला काही ती लातूरहून उदगीरमार्गे एसटीत हाडं खिळखिळी करून घेत आली नव्हती. पण ती हसली. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत असल्यापासून तिला एक सवय होती. समोरचा फार खात्रीने बोलायला लागला की ही आणखी शांत व्हायची, आणि त्या शांतपणाने समोरच्याचा जीव जायचा.

कंपनी बियाण्यांची, मुख्य ऑफिस लातूरला. सगळ्या शाखांचे कॉम्प्युटर लातूरच्या सर्व्हरला बांधलेले, आणि हे नेटवर्क ज्योत्स्नाने स्वतः उभं केलेलं. सकाळी ज्याने त्याने आपल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून लॉगिन केलं की त्या क्षणाची वेळ हजेरीत लागायची. अंगठ्याच्या मशीनवर लोक एकमेकांशी भांडत होते म्हणून ही सोय केली, आणि सगळीकडे ती गुण्यागोविंदाने चालली. दसऱ्यानंतर देगलूरला मात्र वर्षाराणी नावाच्या मुलीला एकामागून एक लेटमार्क पडायला लागले. ही वर्षाराणी इथे बिलं करायची. तिचं नोकरीतलं परीक्षेचं वर्ष संपत आलं होतं, आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं याचा शेरा भागवत साहेबांनी आजच संध्याकाळी लातूरला कळवायचा होता. शेरा काय असणार, हे ऑफिसातल्या टेबलखुर्च्यांनाही ठाऊक होतं.

"सर, मी वेळेवरच येते," वर्षाराणी म्हणाली. "पासवर्ड टाकते अन् ते गोल गोल फिरत बसतंय. मी नुसती बघून राहते."

"मग बाकीच्यांचं कसं फिरत न्हाई?" साहेब म्हणाले. "हे सगळे तुझ्या मागून येतात म्हणतीस, अन् बसल्या बसल्या आत जातात. त्याच कंपनीचा कॉम्प्युटर, तीच वायर. तुझ्यावरच काय दुष्मनी हाय त्याची?"

वर्षाराणीने मान खाली घातली. ज्योत्स्नाला मात्र हा प्रश्न फार आवडला. साहेबांनी तो वर्षाराणीला गप्प करायला विचारला होता, पण दुखणं नेमकं तिथेच होतं. पाच कॉम्प्युटर, पाचही सारखे, मग एकाच माणसावर राग का?

दारापाशी उभा असलेला चन्नबसप्पा पुढे आला. ऑफिसचं शटर उघडणारा, मेन स्विच लावणारा, चहा आणणारा असा तो सर्वांचा मामा. "साहेब, मी कितीदा सांगून राहिलो. शटर वर जातंय तवा ही अक्का पायरीवर उभी असते. हिच्या आधी कुणीबी न्हाई."

"मामा, हजेरी कॉम्प्युटर लावतो, तुम्ही न्हाई," साहेबांनी त्याला तिथेच तोडलं.

ज्योत्स्नाला राग आला. चांगला सणसणीत आला. कारण तो कॉम्प्युटर म्हणजे ती स्वतःच होती. आपण बसवलेली व्यवस्था एका मुलीला खोटं पाडतेय, आणि साहेब त्या व्यवस्थेआडून तोंड चालवताहेत! पण आधी काम. तिने वर्षाराणीच्या खुर्चीत बसून कॉम्प्युटर नीट तपासला. डेस्कटॉपवर भाचीचे फोटो होते, पण ते सगळ्यांच्याच असतात. व्हायरस नव्हता, डिस्क ठणठणीत होती. मग तिने आज सकाळी या कॉम्प्युटरला नेटवर्कवर कोणता पत्ता मिळाला होता ते पाहिलं, आणि ती खुर्चीत ताठ झाली.

तो पत्ता तिने दिलेलाच नव्हता.

लातूरचा सर्व्हर सकाळी प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता देतो आणि पासवर्ड तपासायला कुठे जायचं तेही सांगतो. वर्षाराणीच्या कॉम्प्युटरला तिसऱ्याच कुणीतरी पत्ता दिला होता आणि भलतीकडेच पाठवलं होतं. बिचारा बराच वेळ चुकीचं दार ठोठावत बसायचा, आणि कधीतरी आपली वाट आपणच शोधायचा. तोवर लेटमार्क पडलेला असायचा.

हा आगाऊ पाहुणा कोण? ज्योत्स्ना वायरीचा माग काढत निघाली. एक वायर भिंतीच्या कडेने स्टोअररूममध्ये शिरली होती, बियाण्यांच्या पोत्यांमागे. तिथे पाटावर लाल कापड, कापडावर जुना वायफायचा डबा. त्यावर हळदकुंकवाची बोटं, वाळून कडकडीत झालेला झेंडूचा हार, आणि हाराच्या आतून मिणमिणणारा हिरवा दिवा.

"हे चालू कुणी केलं?"

"मी, मॅडम," चन्नबसप्पा म्हणाला. "दसऱ्याला सगळ्या यंत्राची पूजा केली. हे लई जुनं, ऑफिस नवं होतं तवाचं. बंद यंत्राची पूजा कशी करावी म्हणून वायर लावली, दिवा लागला, बरं वाटलं. मग पूजेतलं यंत्र कोण काढतंय? राहू दिलं. काय चुकलं का?"

दसऱ्याला ज्योत्स्ना घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर होती. ती असती तर तिने हा डबा लावूच दिला नसता. तिने डब्याची सेटिंग उघडली आणि मग मात्र तिला खुदकन हसू आलं. तो बसवला त्या काळी ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, म्हणून डब्याकडे वाटायला पत्ताही एकच होता. रात्री मेन बंद झाला की तो सगळं विसरायचा. सकाळी जो पहिला येईल त्याच्या हातात तो आपला एकुलता एक पत्ता कोंबायचा. बाकीचे सुटायचे.

ती बाहेर आली. "मामा, मेन बंद करा अन् पुन्हा लावा. साहेब, आज पहिल्यांदा तुम्ही लॉगिन करायचं. बाकी कुणी हात लावायचा नाही."

"मी?"

"सगळ्यात आधी आल्यासारखं बसा की."

भागवत साहेब ऐटीत बसले. पासवर्ड टाकला. पडद्यावर ते गोल फिरू लागलं. साहेबांनी आधी मिशीवरून हात फिरवला, मग घड्याळ पाहिलं, मग माऊस आपटला. ज्योत्स्नाने वर्षाराणीला खूण केली. वर्षाराणीने आपला कॉम्प्युटर लावला, पासवर्ड टाकला आणि बसल्या बसल्या आत गेली. तिच्यामागून बाकीचे तिघेही गेले. साहेबांचं गोल फिरतच होतं.

"अहो, हे काय हाय? मी तर सगळ्यांच्या आधी बसलो!"

आपण काय बोलून बसलो हे साहेबांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे लेटमार्क..."

"जो पहिला येतो त्यालाच पडतो, साहेब," ज्योत्स्ना म्हणाली. "दुसऱ्या कुणाला पडूच शकत नाही. दसऱ्यापासून तिला जेवढे पडले तेवढ्या दिवशी ती या ऑफिसात सगळ्यांच्या आधी आली, तुमच्याही. माझंच नेटवर्क सांगतंय, आता शेऱ्यात तुम्ही तसंच लिहा."

साहेबांनी मान हलवली. मग उठून वर्षाराणीच्या टेबलाजवळ गेले, खाकरले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माझं. संध्याकाळी कशाला, आत्ताच लातूरला फोन लावतो."

फोनवर त्यांनी वर्षाराणीला कायम करायला सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. वर्षाराणी रडली, पण तिला त्याची लाज वाटली नाही.

ज्योत्स्नाने स्टोअररूममध्ये जाऊन हार अलगद काढून चन्नबसप्पाच्या हातात दिला आणि मग वायर उपटली. हिरवा दिवा गेला. चन्नबसप्पा हार हातात घेऊन खांबासारखा उभा होता.

"माझ्यामुळं पोरीची नोकरी जात होती की, अक्का," तो दारात आलेल्या वर्षाराणीला म्हणाला. "रोज तुझ्या बाजूनं बोलत होतो, अन् मीच..."

वर्षाराणीने पदराने डोळे पुसले.

"असं काय म्हणता, मामा? वर्षभर मी पहिली येऊन राहिले. तुम्ही सांगितलं, मी सांगितलं, कुणी ऐकलं न्हाई. तुमच्या डब्यानं सांगितलं तवा ऐकलं."

तिने तो डबा उचलला, पदरानेच त्यावरची धूळ पुसली आणि परत पाटावर, लाल कापडावर ठेवला.

"वायर तेवढी नका लावू," ज्योत्स्ना म्हणाली.

"हाव, मॅडम," दोघंही एकदमच म्हणाले.