शिवकन्याबाईंचा समोरचा दात

मित्रांनो, मी एक दात आहे. तुमच्या तोंडात आपोआप उगवतो तसा नव्हे, तर माणसांनी विचार करकरून घडवलेला. माझं मूळ टायटॅनियम नावाच्या धातूचं आहे. विमानं बनवताना वापरतात तोच हा धातू. पण मी आहे तुमच्या करंगळीच्या नखाएवढा, एक बारीकसा स्क्रू. माझ्या डोक्यावरचा पांढरा भाग तेवढा लोकांना दिसतो. मी राहतो गेवराईच्या शिवकन्याबाईंच्या वरच्या जबड्यात, अगदी समोर. बाईंच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द माझ्या अंगावरून जातो. माझ्या जन्माआधीच्या गोष्टीही मला त्यांच्याच बोलण्यातून कळल्या.

शिवकन्याबाई ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवतात. ज्या मुलाने आवाजच कधी ऐकला नाही, त्याला बोलायला कसं शिकवायचं? बाई खिडकीच्या उजेडात बसतात आणि मुलाला समोर बसवतात. त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवतात, म्हणजे आतली थरथर त्याच्या हाताला कळते. 'प' म्हणताना ओठांपुढे कागदाची पट्टी धरतात. ती उडाली की मूल खुदकन हसतं. आणि 'त', 'द', 'स' ही अक्षरं तर मुलं बाईंच्या तोंडात बघूनच शिकतात. जीभ दातांना कुठे टेकते, कुठे नुसती जवळ जाऊन थांबते, हे ती टक लावून पाहतात. त्यांचे डोळेच त्यांचे कान असतात.

एका वर्षी दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ आली. बाई स्कूटरवरून चकलांब्याला गेल्या. तिथल्या सुनिता आणि गहिनीनाथ या जोडप्याची मुलगी अपेक्षा जन्मापासून ऐकू न येणारी होती. ते तिला आपल्याबरोबर फडावर नेणार होते.

"बाई, लेकरू आमच्यापाशीच बरं," सुनिता म्हणाली. "तिला काय पायजे ते दुसऱ्या कुनाला कळतंय?"

"म्हणून तर माझ्याकडे ठेव," बाई म्हणाल्या. "तिचं तिला सांगता येईल, असं करू."

सुनिताने मुलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बाई आनंदात परत निघाल्या. हमरस्त्याला लागताना डांबरावर सांडलेल्या वाळूवरून स्कूटर घसरली. हातपाय वाचले, पण समोरचा एक दात मुळासकट गेला. जाताना तो हाडाचा एक कपचाही घेऊन गेला.

बाईंनी काढता-घालता येणारा दात बसवून घेतला. त्याची गुलाबी प्लेट सगळ्या टाळूवर पसरायची. 'त' म्हटलं की ती सुटायची. एकदा तर वर्गातच खाली पडली. मग बाई शिकवताना ती काढून ठेवू लागल्या. अपेक्षा तोवर शाळेच्या वसतिगृहात रुळली होती आणि सगळ्यांत पुढे बसत होती. पुढच्या पावसाळ्यात एके दिवशी बाईंनी 'स' म्हणायला सांगितलं, तर सगळ्या रांगेने जिभा बाहेर काढल्या.

"अरे, मस्ती नको. जीभ आत!" बाईंनी खुणेने दटावलं.

मुलं गोंधळली. अपेक्षाने हळूच बोट उचललं आणि बाईंच्या तोंडाकडे दाखवलं. बाईंनी उच्चारासाठी ठेवलेला वर्गातला आरसा उचलला आणि स्वतः 'स' म्हणून पाहिलं. दाताच्या फटीतून त्यांचीच जीभ डोकावत होती. मुलं चुकत नव्हती. ती बाईंना हुबेहूब गिरवत होती.

शाळा सुटल्यावर बाई तडक गेवराईतल्या मोहिनी डॉक्टरांकडे गेल्या.

"डॉक्टर, मला सुंदर दिसायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी त्या लेकरांना चुकीचं बोलायला शिकवतेय. दात पक्का बसत नसेल तर सांगा, मी वर्ग सोडते. दुसरं कुणी शिकवेल."

मोहिनी डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं आणि स्कॅन काढून पाहिला. शेजारच्या दातांचा आधार घ्यायचा तर ते दोन चांगले दात तासावे लागले असते. हाडात स्क्रू बसवावा, तर हाडच पातळ झालं होतं. दात गेला की त्याच्या जागेच्या हाडाला काम उरत नाही, आणि ते झिजत जातं.

"नेहमीचा स्क्रू इथं मावणार न्हाई," डॉक्टर म्हणाल्या. "पण माझ्या वर्गातला एक जण हाय, नांदूरघाटचा. तो हेच करतो."

तो म्हणजे राजेश्वर, माझा कर्ता. संभाजीनगरच्या एका कारखान्यात तो दातांच्या मुळांचे आराखडे करायचा. पातळ हाडात बसेल असं बारीक मूळ करायचं त्याने मनावर घेतलं होतं. मित्रांनो, ऐकायला हे सोपं वाटतं. पण स्क्रूचे आटे उथळ ठेवले तर हाडाची पकड बसत नाही. फार धारदार केले तर हाड दाबलं जाऊन दुखावतं. आणि अंग बारीक केलं की घास चावताना मोडायची भीती. राजेश्वरकडे खोटं खोटं चावणारं एक यंत्र होतं. ते न थकता चावत राहायचं. माझे कितीतरी थोरले भाऊ त्या यंत्रात मोडले. प्रत्येक वेळी राजेश्वर तुकडे भिंगाखाली धरून मोडल्याची जागा शोधायचा आणि आराखड्यातली एखादी रेघ बदलायचा. शेवटी एक घडण अशी निघाली की यंत्र चावून चावून थांबलं, पण ती तशीच राहिली. सगळ्या तपासण्या झाल्या, मान्यता मिळाली. त्याच घडणीचा मी.

डॉक्टरांनी बोलावलं म्हणून राजेश्वर सुटीच्या दिवशी गेवराईला आला. स्कॅन बघून तो खूश झाला. "बसतंय, बाई. पेरू खासाल कराकरा!"

"साहेब, पेरूचं काही नाही," बाई म्हणाल्या. "उद्या माझ्या वर्गात या."

राजेश्वर मुक्कामी थांबला. दुसऱ्या दिवशी तो मुलांच्या रांगेत छोट्या बाकावर अवघडून बसला. बाई 'त' म्हणत होत्या, 'व' म्हणत होत्या, आणि मुलं त्यांच्या तोंडात असं बघत होती, जसं आपण भर अंधारात लांबचा दिवा बघतो. अपेक्षाने तर वळून राजेश्वरचंही तोंड निरखलं. त्याचे समोरचे दात शाबूत आहेत हे पाहून तिने त्याची हनुवटी धरली आणि 'स' म्हणून दाखव, अशी खूण केली. राजेश्वरने म्हटलं. तिने जीभ आत घेऊन बघितली. हवा बारीक सुटली.

बाहेर येऊन तो पायरीवर बसला. "मोहिनी," तो डॉक्टरांना फोनवर म्हणाला, "मी आजवर दाताच्या पुढच्या बाजूचा आणि धारेचाच विचार केला बघ. जीभ टेकते ती मागची बाजू कुनी बघतच न्हाई. ही लेकरं तीच बघत्यात."

त्यानंतर माझा जन्म झाला. टायटॅनियमच्या कांबीतून यंत्राने मला कातलं. मी आरशासारखा चकाकत बाहेर पडलो आणि स्वतःवरच खूश झालो. पण लगेच माझ्यावर बारीक कणांचा मारा झाला, मग आम्लाने धुणं. माझं अंग खरखरीत झालं. तेव्हा वाईट वाटलं. पुढे कळलं की गुळगुळीत अंगाला हाड नीट धरत नाही. त्याला रोवून घ्यायला खाचाखोचा लागतात.

ज्या दिवशी मला बसवलं, त्या दिवशी बाईंनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या. हिरडी बधिर केली होती. राजेश्वरने स्कॅनवरून बनवलेला एक साचा दातांवर बसवून, त्याच्या भोकातून डॉक्टरांनी अगदी सावकाश वाट केली आणि मला फिरवत फिरवत आत नेलं. वरून हिरडी शिवली. मी अंधारात गेलो.

मित्रांनो, आता जे सांगतो ते मला स्वतःला अजून खरं वाटत नाही. मी धातू. ना जीव, ना रक्त. परक्या घरात आलेल्या पाहुण्यासारखा मी अंग चोरून होतो. आधी रक्त माझ्या खाचांत साकळलं. मग कुठूनशा हाडाच्या पेशी आल्या. त्या इतक्या लहान की भिंगाशिवाय दिसू नयेत. त्यांनी मला चाचपलं. आणि मला हाकलून देण्याऐवजी त्या माझ्याच अंगावर हाड विणू लागल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. बाई झोपलेल्या असोत की शिकवत असोत, त्यांचं काम चालूच. मला घडवणाऱ्या यंत्रांचा मला मोठा गर्व होता. त्या विणकामापुढे तो गळून पडला.

पण मधले काही दिवस नाजूक असतात. जुनं हाड विरघळत असतं आणि नवं अजून कच्चं असतं. नेमकी तेव्हाच, मधल्या सुटीत अपेक्षा धावत आली आणि बाईंना बिलगताना तिचं डोकं त्यांच्या तोंडावर आदळलं. हिरडीतून रक्त आलं. मी हादरलो. अपेक्षा ते रक्त बघून पांढरीफटक पडली आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

तोंडाला रुमाल लावूनच बाई आधी तिच्यापाशी गेल्या. तिला कुशीत घेतलं, हसून दाखवलं आणि मग दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तपासलं.

"टाके तुटलेत," डॉक्टर म्हणाल्या. "स्क्रू हललाय का ते आत्ताच सांगता येत न्हाई. थांबावं लागंल. ठरवल्यापेक्षा जास्तच."

"आणि हलला असेल तर?"

"तर काढावा लागंल, बाई."

बाई थांबल्या. भाकरी दुधात कुस्करून, एका बाजूने खाल्ली. वर्गात 'त' आणि 'स' बाजूला ठेवून त्या ओठांची अक्षरं शिकवत राहिल्या. आतमध्ये त्या अदृश्य पेशींनी तुटलेलं पुन्हा विणायला घेतलं होतं, हे त्यांना कळवायला मला वाचा नव्हती.

थंडी सरता सरता डॉक्टरांनी हिरडी उघडली. एका लहान यंत्राने मला तपासलं, मग हाताने हलवून पाहिलं. मी जागचा ढळलो नाही. ढळणार तरी कसा? हाड कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होतो, हे आता माझं मलाच सांगता येत नव्हतं.

"धरलंय!" डॉक्टर ओरडल्याच. बाईंच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं.

माझ्यावर आधी तात्पुरता दात चढवला. तो घालून बाई वर्गात गेल्या आणि 'व' म्हणाल्या, तर मुलं आपला खालचा ओठ चावू लागली. म्हणजे दात किंचित लांब होता. 'त' म्हणाल्या, तर त्यांच्या जिभा मागेच अडखळल्या. म्हणजे मागून जाड होता. बाईंनी राजेश्वरला फोन केला. त्याने संगणकावरचा आराखडा बदलला. पुन्हा दात आला, पुन्हा वर्ग भरला. असं होता होता एका सकाळी बाई 'स' म्हणाल्या आणि सगळ्या रांगेच्या जिभा दातांआड राहिल्या. ज्यांनी आयुष्यात एकही आवाज ऐकला नाही, त्या मुलांनी माझा आकार ठरवला. याहून मोठा मान कोणत्या दाताला मिळाला असेल?

गुढीपाडवा झाला. दिवाळीनंतर पुन्हा ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतल्या. सुनिता आणि गहिनीनाथ अपेक्षाला न्यायला शाळेत आले. ती पळत जाऊन आईला बिलगली. धुळीतून आलेल्या सुनिताने तोंडावर पदर धरला होता. तशीच ती भराभर म्हणाली, "चल, आवर, गावाकडं जायचंय."

अपेक्षाने वर पाहिलं. तिने आईचा पदर खाली केला. हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. तळवा तिच्या गळ्यावर ठेवला. आणि जड, ओबडधोबड, पण स्पष्ट आवाजात म्हणाली,

"पर...त. सां...ग."

सुनिता बाईंकडे वळली. "बाई... काय म्हनली ही? बोल्ली का?"

"मला कशाला विचारतेस?" बाई म्हणाल्या. "लेक तुला म्हणतीये, परत सांग. सांग तिला. सावकाश."

सुनिताने डोळे पुसले. "चल," ती म्हणाली. थांबली. "गावाला. जाऊ." अपेक्षाने तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. मग मान डोलावली आणि पिशवी आणायला धावली.

ती परत आली तेव्हा गहिनीनाथ त्याच उजेडात उकिडवा बसला होता. टोपी काढून, चेहरा पुसून, तोंड तिच्याकडे करून. "आता मला इचार," तो म्हणाला. "माझं बी लई सांगायचं ऱ्हायलंय."

मित्रांनो, मी कधी किडत नाही. पण माझ्याभोवतीची हिरडी जिवंत आहे. तिची निगा राखली नाही, तर मलाही निघावं लागेल. बाई सकाळ-संध्याकाळ मला जपून घासतात. तुमचे दात तर तुम्हाला मागितल्याविना मिळाले आहेत, त्यांना जपा. आणि आणखी एक मागणं आहे. तुम्ही बोलत असताना कुणी तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत असेल, तर हसू नका, तोंड फिरवू नका. उजेडाकडे वळा आणि सावकाश, पुन्हा एकदा सांगा.