मिनिटाला नव्वद ठोके

योजनेच्या कागदावर 'गती' असा एक रकाना होता. यामिनीने त्यात 'नव्वद' लिहिलं आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच केली. मिनिटाला नव्वद ठोके, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जराही इकडेतिकडे नाही. लिहिताना तिला त्या आकड्याचा अभिमानसुद्धा वाटला होता.

नवा रायपूर इथल्या तिच्या शाळेत अकरावीला संगीत तंत्रज्ञान हा विषय घेता येत असे. जागा मात्र पाचच. त्या एप्रिलमध्ये नावं दिली अकरा जणांनी. तेव्हा भार्गव सरांनी सगळ्यांना एकच काम नेमून दिलं. तीन मिनिटांचं एक गाणं ध्वनिमुद्रित करायचं, त्यात निदान चार वेगवेगळे ट्रॅक हवेत, म्हणजे एकेक आवाज सुटा करून ऐकता आला पाहिजे. आधी योजना, मग काम, शेवटी सरांसमोर तपासणी. मुदत सोळा दिवस.

"प्लान में जो लिखोगे, वही करके दिखाना है," सरांनी बजावलं होतं.

ज्यांचं काम पसंत पडणार नाही त्यांची रवानगी कॉमर्सच्या वर्गात. यामिनीचे बाबा मंत्रालयात नोकरीला होते. "नाही झालं तर कॉमर्स काय वाईट आहे?" असं ते जेवताना दोनदा म्हणाले. यामिनीने मान खाली घालून भात कालवला. तिला तो विषयच हवा होता, दुसरा कुठलाही नको होता, आणि हे बोलून पटायचं नाही, करूनच दाखवावं लागेल, एवढं तिला कळत होतं.

बाकीच्यांनी सिनेमातली गाणी घेतली. यामिनीने आत्याच्या मंडळाचं भजन घेतलं. तिची आत्या मीनाक्षी रायपुरातल्या चौबे कॉलोनीत राहायची. ती पेटी वाजवत गायची, शारदाकाकू ढोलकीवर आणि रमाकाकू टाळावर. भजन रमाकाकूंच्या सासूबाईंनी रचलेलं होतं आणि दर गुरुवारी व्हायचं. यामिनीने ते लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की पुन्हा नीट ऐकून पाहावं असं काही तिच्या मनात आलं नाही.

पहिल्या शनिवारी तिने आत्याच्या आतल्या खोलीत गाद्या उभ्या केल्या आणि एकेकीला एकटीला आत बसवलं; आत्याला दोनदा, एकदा पेटीसाठी आणि एकदा गाण्यासाठी. कानाला हेडफोन, हेडफोनात मिनिटाला नव्वद वेळा टिकटिक. तिच्या बरोबरीने वाजवायचं, म्हणजे मागाहून तिन्ही जणींचं एकमेकांवर बरोबर बसेल.

शारदाकाकूंनी दोन ओळी वाजवल्या आणि थांबल्या.

"काहून थांबल्या काकू?"

"मीनाक्षीनं अजून मान कुठं हलवली?"

"आत्या इथं नाहीच आहे ना! तुम्ही बस टिकटिक ऐका."

"हे टिकटिक काय मले अंतरा संपला म्हणून सांगते? मी मीनाक्षीच्या तोंडाकडे पाहून वाजवतो पोरी. तीस वर्षं झाले."

"काकू, प्लीज. बस एक बार और."

ते 'एक बार और' एकोणीस वेळा झालं. दुसऱ्या अंतऱ्याला ढोलकी हमखास पुढे पळायची. रमाकाकूंचा टाळ ढोलकीवाचून बावचळायचा. आत्या तेवढी टिकटिकीबरोबर राहिली, पण अशी गायली की जणू कुणी तिला फळ्यावरचं वाचून दाखवायला सांगितलंय.

यामिनी हटली नाही. पुढचे सहा दिवस वेळ मिळेल तेव्हा ती संगणकापुढे बसली. ढोलकीचा एकेक ठोका कापला, सरकवला, नव्वदच्या जागी नेऊन बसवला. टाळाचंही तेच केलं. शेवटी सगळं काटेकोर झालं. सातव्या दिवशी ते घेऊन ती आत्याकडे गेली. तिघीजणी पलंगावर ओळीने बसून ऐकू लागल्या.

संपल्यावर तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"चांगलं आहे," रमाकाकू म्हणाल्या. "कोण वाजवून राहिलं हे?"

"तुम्हीच!"

"हव? मी नसन बाप्पा," शारदाकाकू म्हणाल्या. "मी इतकी शिस्तीची असती तर शाळेत नसती का गेली?"

आत्या हसली नाही. "यामू, भजन चढते ना गं. सुरुवातीला आपण जमिनीवर बसून असतो, शेवटी उठून उभं राहावं वाटते. तुझ्या याच्यात आम्ही बसलो ते बसलोच."

यामिनी घरी आली. तिने मागच्या गणपतीतलं मोबाईलवरचं चित्रण शोधून काढलं आणि पहिल्यांदाच मोजत ऐकलं. सुरुवात ब्याऐंशीला. पहिल्या अंतऱ्यानंतर नव्वद. दुसऱ्यानंतर शंभर. शेवटच्या गजरात एकशे सोळा. प्रत्येक वळणावर आधी आत्याची भुवई उचलली जात होती आणि मग ढोलकी पुढे सरत होती.

म्हणजे शारदाकाकू पळत नव्हत्या. सगळं ठरलेलं होतं, फक्त ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

हातात नऊ दिवस उरले होते. कापून बसवलेलं काम तसंच दिलं, तर ते योजनेप्रमाणे होतं आणि सरांना बोट ठेवायला जागा नव्हती. नव्याने केलं, तर योजना मोडली म्हणून जागा जाण्याची भीती. यामिनीने फाईल उघडली, एकदा ऐकली आणि बंद केली. जे रमाकाकूंना स्वतःचं वाटलं नाही ते आपलं म्हणून सरांपुढे कसं ठेवणार? तिने आत्याला फोन लावला.

"आत्या, रविवारी तिघी एकसाथ. मैं कुछ और सोच रही हूँ."

तिघींनी एकाच वेळी वाजवायचं, पण आवाज एकमेकींत मिसळू द्यायचे नाहीत. माईक एकही नव्हता, मोबाईल मात्र चार होते. रविवारी सकाळी आठ वाजता तिने आत्याला पेटीसकट बैठकीत बसवलं. एक मोबाईल आत्याच्या पदराला टाचायचा, दुसरा पेटीच्या भात्यामागे ठेवायचा, उरलेले दोन काकूंजवळ. रमाकाकू गाद्यांच्या खोलीत, शारदाकाकू स्वयंपाकघरात, दारं अर्धी लोटलेली. खोलीतून आत्या दिसत होती, स्वयंपाकघरातून दिसत नव्हती. यामिनीने कपाटाचा आरसा काढून मधल्या खुर्चीवर टेकवला आणि शारदाकाकूंना त्यात आत्याचं तोंड दिसेपर्यंत इंच इंच वळवला.

"दिसली?"

"दिसली. पावडर जास्त लावून राहिली आज."

कूलर बंद, पंखे बंद, फ्रिजची पिन काढलेली. रायपूरचा एप्रिल; पाचच मिनिटांत सगळ्या घामाने निथळल्या. चारही मोबाईल चालू करून यामिनीने ते आधी एकत्र ठेवले आणि मध्ये एक जोरात टाळी वाजवली. संगणकावर चारही फाईलींत त्या टाळीचं उंच टोक एकाखाली एक आणलं, की पुढचं सगळं आपोआप जुळणार होतं. मग ज्याचा मोबाईल त्याच्या जागी.

पहिल्या खेपेला शेवटच्या गजरात शारदाकाकूंचा मोबाईल वाजला. नागपूरहून त्यांची मुलगी.

"उचलू का गं?"

"नको ना काकू!"

"मग बंद कर म्हणून आधी नाही सांगायचं? पोट्टी मलेच रागावते!"

दुसरी खेप आत्यालाच आवडली नाही. तिसऱ्या खेपेला यामिनी दाराच्या चौकटीत उभी होती. आत्याची भुवई उचलली गेली, आरशात ती शारदाकाकूंना दिसली, आणि तीन खोल्यांमधलं ते भजन एकाच वेळी वर चढलं. यामिनीने श्वाससुद्धा जपून घेतला.

तपासणीच्या दिवशी तिचा नंबर शेवटचा होता. भार्गव सरांनी फाईल लावली आणि सोबत संगणकाची नव्वदची टिकटिक सुरू केली. सुरुवातीलाच टिकटिक पुढे गेली, मग भजन तिच्या पुढे निघून गेलं. सरांनी दोन्ही थांबवलं.

"प्लान में नब्बे है. ये तो बयासी से शुरू हो रहा है."

"और एक सौ सोलह पे खत्म होता है, सर. बीच में नब्बे और सौ. मैंने नापा है."

सरांनी टिकटिक बंद केली. एकेक ट्रॅक सुटा करून ऐकला. पेटीत थोडं गाणं ऐकू येत होतं, तिथे त्यांनी तोंड वाकडं केलं. ढोलकी मात्र स्वच्छ होती. मग सगळं एकत्र, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"पहला प्लान गलत था?"

"हाँ सर." यामिनी म्हणाली. "मैंने ठीक से सुने बिना लिख दिया था. उसके हिसाब से भी करके देखा. वो फाईल भी लाई हूँ. पर मेरा काम ये वाला है."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन वाजले होते. "तो इसका प्लान लिखो. जैसा किया, वैसा, एक-एक बात. चार बजे लैब बंद करूँगा. बिना प्लान के मैं नहीं लूँगा."

साडेतीनला शाळेची बस निघायची. यामिनीने कोरा कागद ओढला. कोण कुठे बसलं, काय काय बंद केलं, टाळी कशासाठी, फोन कसे ठेवले, सगळं ओळीने लिहीत गेली. बाहेर बसने दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. यामिनीने मान वर केली नाही. गतीच्या रकान्यात तिने चारही आकडे लिहिले आणि पुढे लिहिलं, 'गाणारीच्या इशाऱ्यावर'.

चारला पाच कमी असताना तिने कागद दिला. सरांनी तो दोनदा वाचला. पहिली योजना बदलल्याचे चार गुण कापले, ते तिला दाखवून कापले. मग खाली सही केली.

"पेटी वाला फोन अगली बार गानेवाली से दूर रखना," ते म्हणाले. "सोमवार से आठ बजे आना. लैब का ताला तुम पाँचों को बारी-बारी से खोलना है."

यामिनीने दप्तर उचललं. पुढची सिटी बस पाच वाजता होती. त्या रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेने ती उन्हातून थांब्याकडे चालू लागली.