चिमण्यांची दुसरी खेप

“घड्याळाकडे काय बघतेस गं? ते काय आपल्याबरोबर जेवायला बसणार आहे? नाकाला विचार, नाकाला.”

मावशीचा हा आवाज ऐकून चाळीस वर्षं झाली, तरी ओव्हनसमोर उभं राहिलं की तो माईच्या कानाशी येऊन बसे. मावशीनंच तिला वाढवलं आणि सफरचंदाच्या चिमण्या करायला शिकवलं. चिमण्या म्हणजे एका घासाचा खाऊ. लोण्यात मळलेल्या पिठाची पातळ पोळी लाटायची, तिचे चौकोन कापायचे, प्रत्येकात दालचिनी-साखरेत घोळलेल्या सफरचंदाच्या चार बारीक फोडी ठेवायच्या आणि कडा दुमडून बोटानं चोच काढायची. इवलीशी चोच, इवलंसं पोट.

आज मात्र माईचा पाय एका जागी ठरत नव्हता. चार महिन्यांपूर्वी ताप आला आणि जाताना नाकातला सगळा वास घेऊन गेला. आधी वाटलं, येईल आठवड्याभरात. मग लेकीनं कोपऱ्यावरची खोली बघितली, चिमण्यांचं दुकान काढायचं ठरवलं, आणि सांगायचं ते रोज उद्यावर जात राहिलं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. राजीनाम्याचं पत्र तिच्या पर्समध्ये तयार होतं. आज पाचच्या आत ते मालकाच्या हातात द्यायचं होतं.

“किती मिनिटं, ते लिहून ठेवू का गं माई?” साल सोलता सोलता लेकीनं विचारलं.

“या ओव्हनचं काही खरं नाही. कधी चढतो, कधी रुसतो.”

“मग बरंय. तुझं नाक आहे तोवर मला घड्याळ नको.”

माईनं ओट्यावरचं पुसलेलंच पीठ पुन्हा पुसलं. पहिली खेप आत गेली. तिनं दार उघडलं, वाकून पाहिलं, लावलं. पुन्हा उघडलं. काचेवर कोळशासारखा काळा थर साचलेला; बाहेरून काही दिसेना. चौथ्यांदा हात मुठीला गेला तेव्हा लेक हसली.

“पाळण्यात बाळ आहे का आत? दार उघडलं की फुगत नाहीत, हे तूच शिकवलंस ना मला?”

चिमण्या बाहेर आल्या त्या बसक्या आणि पांढऱ्याफटक.

“पिठात पाणी जास्त झालं,” माई तोंडातल्या तोंडात म्हणाली.

दुसरी खेप तिनं ठेवली आणि हात पाठीमागे बांधून ओव्हनसमोरच उभी राहिली. उघडायचं नाही. श्वास खोल घेतला, अजून खोल, विहिरीत पोहरा सोडावा तसा. रिकामाच वर आला. बाहेर जायचं म्हणून लेक आतल्या खोलीत पुन्हा केस विंचरत होती. माईनं मनातल्या मनात शंभर आकडे मोजले, मग चुकले म्हणून पुन्हा एकपासून.

“माई, करपतंय!” लेक कंगवा हातात घेऊनच धावत आली.

माई ओव्हनपासून वीतभर अंतरावर होती. दार उघडलं तसा धूर डोळ्यांत गेला, तेव्हा कुठे तिला कळलं. ताटभर चिमण्या, चोचीपासून शेपटीपर्यंत काळ्या.

लेकीनं खिडकी उघडली. “दमलीस तू. दुकानात नवा ओव्हन घेऊ, आधी तो.” तिनं पर्स खांद्याला लावली. “मी पत्र देऊन येते. पाच वाजायला आले.”

चपला घातल्याचा आवाज आला. जिन्याच्या तीन पायऱ्या वाजल्या. माईच्या हातात अजून ते गरम ताट होतं. फडक्यातून चटका बसत होता आणि तिला ते खाली ठेवायचंही सुचत नव्हतं. तशीच ती दारापर्यंत गेली.

“थांब गं.”

“काय आणू येताना?”

“काही नको. ते पत्र देऊ नकोस. ओव्हन बरा आहे. मलाच वास येत नाही. चार महिने झाले. दुधाचा नाही, साबणाचा नाही... सकाळी तुझी वेणी घातली ना, तुझ्या केसांचासुद्धा नाही.”