पाचोळ्याची जाळी

मित्रांनो, बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका गल्लीत, झाडाखाली मी उभी आहे. मी एक जुनी, गंजलेली लोखंडी जाळी. माझ्यात पाचोळा साठवून त्याचे खत करतात.

मला बसवंतअण्णांनी घडवले. ते मूळचे निपाणीचे, इथल्या एका कारखान्यात वेल्डर. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांना दम्याचा त्रास. गल्लीतले लोक रोज सकाळी झाडलेली पाने पेटवत, त्यात दुधाच्या पिशव्याही जळत. धूर घरात शिरला की कृष्णाबाई पलंगाची कड धरून बसत. अण्णांनी शेजारच्या नागराजांना विनवले, "पेटवू नका हो, हिला धाप लागते."

"स्वल्पच, थोडाच तर कचरा आहे अण्णा. पाच मिनिटांत विझतंय," नागराज म्हणाले.

अण्णा भांडले नाहीत. भंगारातल्या सळया आणि जाळी आणून एका रविवारी त्यांनी मला जोडले.

"पानं हितं टाका, काडी लावू नका," असे कृष्णाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लोक आधी हसले. पण पाच-सहा महिन्यांनी माझ्या तळातून काळेभोर खत निघाले आणि पहिली पाटी नागराजांनीच गुलाबांसाठी भरून नेली. गल्लीतला धूर थांबला. कृष्णाबाई वाटेत कुठेही न टेकता कोपऱ्यावरून दूध आणू लागल्या. त्या वर्षी मला फार अभिमान वाटे.

पुढे अण्णांचे गुडघे धरले. पाचोळा खालीवर करणारे, पाणी शिंपडणारे कुणी उरले नाही. लोक माझ्यात प्लास्टिक, उष्टे-खरकटे, तुटक्या चपला टाकू लागले. माझी मलाच घाण येई.

जानेवारीतल्या एका थंड सकाळी वास असह्य होऊन नागराजांनी माझ्यात काडी टाकली. माझ्याच पोटातला काळा धूर कृष्णाबाईंच्या खिडकीत शिरताना मी पाहत राहिले. रिक्षा आली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

नऊ दिवसांनी त्या रुग्णालयातून परतल्या, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. नागराज भेटायला आले. खिडकीतून मला सारे ऐकू येत होते.

"अक्का, मला वाटलं थोडाच कचरा आहे..." ते म्हणाले.

कृष्णाबाईंनी पांघरूण छातीपर्यंत ओढले. मग म्हणाल्या, "जाताना ती खिडकी लावून घ्या."

आता नागराज रोज माझ्यातले प्लास्टिक हाताने वेचतात, पाने भरतात, पाणी शिंपडतात. खत पुन्हा होऊ लागले आहे. कृष्णाबाईंची नळी मात्र आता निघायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

मित्रांनो, तुमच्या दारीही अशी एखादी जाळी उभी करा आणि मग तिला विसरू नका. पाने कुजायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा. पेटवलेला कचरा कुणाच्या तरी छातीत जाऊन बसतो. आमच्या गल्लीत तो कृष्णाबाईंच्या छातीत बसला.