चार कागदांचा सेट

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या ग्रामीण रुग्णालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. परभणी जिल्ह्यातलं कोणतं रुग्णालय ते सांगत नाही, कारण चौकशी अजून चालू आहे. एकोणीस वर्षं मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे आणि नातेवाइकांवर ओरडणं हा कामाचाच भाग आहे असं समजत आले. प्रियांका भर ओपीडीत माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली तेव्हाही मी आधी ओरडलेच. रांगेत ये म्हणाले. ती हलली नाही. पिशवीतून एका कागदाची झेरॉक्स काढून तिनं माझ्यापुढे ठेवली.

नसबंदीचं संमतिपत्र होतं. रुग्णाच्या जागी अंगठा आणि साक्षीदाराच्या जागी माझी सही.

"सिस्टर, मी बी.ए. झालेली हाय. गावात पोरांना शिकवते. मी कुठंच अंगठा लावत न्हाई," ती म्हणाली. "हा अंगठा कोणाचा हाय, तेवढं सांगा."

बाकीचं तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. ती राणीसावरगावची सून. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे तिचं दुसरं सिझर झालं होतं. पहिली मुलगी, त्या खेपेला मुलगा झाला आणि नवव्या दिवशी काविळीनं गेला. त्यानंतर दिवस राहीनात. दोन वर्षं परभणीला उपचार झाले, आणि गेल्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी गर्भनळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे बघून सांगितलं की हिच्या दोन्ही नळ्या बांधलेल्या आहेत. मग तिनं अर्ज करून आमच्याकडची फाइल मागवली, तर त्यात हा कागद निघाला. नवऱ्यानं, परमेश्वरनं, तो बघितला आणि म्हणाला, तूच गुपचूप करून घेतलंस आणि वर मला दोन वर्षं दवाखान्याचे उंबरे झिजवायला लावलेस. त्यानं तिला जिंतूरला माहेरी आणून सोडलं. मुलगी स्वतःकडे ठेवून घेतली.

तिचा चेहरा मला आठवत नव्हता. पण सही तिथं कशी आली ते मात्र मला चांगलं माहीत होतं.

सोमवारी सकाळी वॉर्ड जरा शांत असला की मी सेट लावायला बसायची. सिझरची संमती, भुलेची संमती, रक्ताची संमती, आणि शेवटी नसबंदीची, लागलीच तर असू द्यावी म्हणून. चार कागद एकत्र पिन करायचे, आणि चारींवर साक्षीदाराच्या रेघेवर आधीच सही ठोकून ठेवायची. पंचवीस सेट तयार असले की आठवडाभर चिंता नाही. ऐन घाईत सह्या करत कोण बसतं? माझ्या सहीच्या बरोबर वर छापलेलं असतं की हा मजकूर रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितला आणि तिनं माझ्यासमोर सही किंवा अंगठा केला. ते मी शेवटचं कधी वाचलं होतं, देव जाणे. उलट नवीन आलेल्या मुलींना मीच ही युक्ती शिकवली, आणि त्याचा मला अभिमानही होता.

प्रियांका गेल्यावर पहिला धक्का ओसरला आणि मला राग आला, तो तिच्या सासूचा. दुसरं कोण असणार? मुलगी होती, मुलगा झाला, म्हातारीनं ठरवलं की आता पुरे, आणि सुनेच्या पाठीमागे अंगठा देऊन मोकळी झाली. पोरगं गेल्यावर तोंडाला कुलूप. मी मनातल्या मनात त्या बाईला इतक्या शिव्या दिल्या की माझी सही मागेच पडली. खोटं कशाला बोलू, त्यानं बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी अधीक्षक साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गुरुवारी चौकशी होती. ज्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं तो पुढच्या शिक्षणासाठी केव्हाच निघून गेला होता. साहेबांनी माझा जबाब टाइप करूनच ठेवला होता. रुग्णाच्या उजव्या हाताला सलाईन होतं, सबब तिनं माझ्यासमोर डाव्या हाताचा अंगठा दिला.

"एवढं म्हणा, विषय मिटतो," साहेब म्हणाले. "नाहीतर सही तुमची आहे सिस्टर, माझी नाही."

नोंदणी रद्द होऊ शकते, पोलीस केस होऊ शकते, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण मी हा जबाब दिला की प्रियांकानं स्वतःच संमती दिली, असं सरकारी कागदावर येणार होतं. नवऱ्याला तेवढंच हवं होतं. तिचं घर गेलं आणि लेकही गेली, हे मला कळत होतं. तरी तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. गुरुवारपर्यंत मला घास गोड लागला नाही.

चौकशीला परभणीहून एक मॅडम आल्या. एका बाजूला प्रियांका एकटीच बसली होती. समोर परमेश्वर आणि त्याची आई धुरपताबाई. मॅडमनी कागद दाखवून विचारलं, सही तुमचीच का? मी हो म्हणाले. रुग्णानं तुमच्यासमोर अंगठा केला का? साहेब माझ्याकडे बघत होते. माझी नजर धुरपताबाईंवर गेली. पदर सावरून निवांत बसली होती बाई. माझ्या डोक्यात सणक गेली. हिचं पाप झाकायला मी खोटं का बोलू?

"नाही मॅडम," मी म्हणाले. "मी सही केली तेव्हा हा कागद कोरा होता. अंगठा हिच्या सासूचा असेल. त्यांनाच विचारा."

परमेश्वर गर्रकन आईकडे वळला. "आये, तुझा हाय?"

ती लपवील, रडेल, असं मला वाटलं होतं. म्हातारी दचकलीसुद्धा नाही.

"माझाच हाय की," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बाई, तुमीच तर लाव म्हणल्या. हिला आत नेलं, परमेश्वर रगत आणायला गेलता. तुमी चार कागद पुढं केले, म्हणल्या, आजी लवकर लावा, लेकरू गुदमरायलंय. मी चारी जागी लावला. त्यात पोरं बंद करायच्या ऑपरेशनचा कागद हाय, आसं मला कोण सांगितलं? मला काय वाचता येतंय?"

मला तो दिवस आठवला नाही, आजही आठवत नाही. पण ते वाक्य माझंच होतं. लेकरू गुदमरायलंय, हे मी प्रत्येकीच्या माणसांना म्हणते, म्हणजे ती वाद घालत बसत नाहीत. आणि प्रियांकानं ओपीडीत सांगितलेलं आता कुठं माझ्या डोक्यात शिरलं. ही बाई दोन वर्षं सुनेचा हात धरून परभणीच्या दवाखान्यात रांगेला उभी राहत होती. नातवासाठी मंगळवार धरत होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

आणि आत डॉक्टरनं फाइल उघडली असेल. अंगठा आहे, साक्षीदाराची सही आहे. म्हणजे घरच्यांनी सांगितलेलं दिसतंय. त्यानं नळ्या बांधल्या.

मॅडमचं लिहिणं थांबलं. परमेश्वर उठून प्रियांकाशेजारी जाऊन बसला, काहीतरी पुटपुटला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"सिस्टर," तिनं विचारलं, "मंग माझं ठरवलं कोणी?"

मी साहेबांकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं. एक तरी नाव सापडावं असं फार वाटत होतं.

"कोणीच नाही," मी म्हणाले.

तेव्हा ती पहिल्यांदा रडली.