निरोगी खोलीतल्या पट्ट्या

गव्हाच्या रोपाला बुरशी लागली की ते गप्प बसत नाही. बुरशीची भिंत कुरतडणारी प्रथिनं ते पानात तयार करतं. पानं वाटून रस जेलवर चढवला की ती प्रथिनं निळ्या पट्ट्या होऊन दिसतात. प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ अकरा वर्षं याच पट्ट्या वाचत आली होती.

खोल्या दोन. एकीत तांबेरा ही बुरशी लावलेली रोपं, दुसरीत निरोगी. आधी निरोगी खोली, मग आजारी. उलट कधीच नाही. आजारी खोलीत ती मास्क, टोपी, हातमोजे घालून जायची. निरोगी खोलीत मात्र मास्क काढून, स्टुलावर बसून निवांत नोंदी लिहायची. तिथे कसली भीती?

त्या सोमवारी निरोगी रोपांच्या रसातही निळ्या पट्ट्या उमटल्या.

"अंगावरून तांबेरा आणलास," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "क्रम चुकवलास."

"अकरा वर्षांत एकदाही नाही, मॅडम."

"मग पानांना काय स्वप्न पडलं?"

चूक तिची निघाली तर करार वाढणार नाही, हे मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तिने दहा दिवस मागून घेतले. नवं बी, नवी माती, नवा कोट. आजारी खोलीची किल्ली मॅडमच्या खणात. ती फक्त निरोगी खोलीत जाई, पाणी घाली, स्टुलावर बसून लिही, मधूनच खोके. घसा महिनाभर खवखवत होता.

"डॉक्टरकडे जातेस की कान धरून नेऊ?" सासूबाई रोज विचारत.

"आधी नोकरी वाचू दे, मग दोन्ही कान धरा."

अकराव्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून जेल रंगवलं. रस रोपांच्या ट्रेच्या क्रमानेच भरला होता. खिडकीकडचे तीन ट्रे कोरे. चौथ्याची पट्टी पुसट, पुढच्या गडद होत गेलेल्या. सातव्याची जवळजवळ काळी. सातवा ट्रे स्टुलाला लागून होता.

मॅडमनी त्यातलं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या.

"तांबेऱ्याचा एक कणही नाही," त्या म्हणाल्या. "तू तिकडून काही आणलं नाहीस. माझं चुकलं. कराराचं पत्र आजच पाठवते."

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने स्वतः डोळा लावला. पानावर कुठल्याशा बुरशीचे बारीक, बेरंगी बीजाणू होते; गव्हावर तिने असले कधी पाहिले नव्हते.

"मग ही रोपं लढतायत कुणाशी?"

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या आणि खिशातून मास्क काढून त्यांनी नाकावर चढवला.

तिला खोकायचं होतं. तिने तोंडावर हात दाबून धरला.